जिभेखालची गोळी

कावीळ झाली की लोक म्हणतात, डोळे दाखव. माझे डोळे पिवळे व्हायच्या आठ-दहा दिवस आधी मला खाज सुटली होती, आणि ती कुणाला दाखवता येत नव्हती. अंगावर ना पुरळ, ना गांधी. आधी तळहात, मग तळपाय, मग सगळं अंग. मी वर्ध्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर आहे. हंगामात जिनातला प्रत्येक माणूस खाजवत असतो, कापसाचे तंतू मानेवरून आत शिरतात आणि घामाला चिकटतात. म्हणून मीही खाजवत राहिलो आणि मशीनला तेल देत राहिलो.

पण तंतूची खाज विहिरीवर दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं की जाते. ही जाईना. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काडीने पाठ खाजवली, खाटेच्या सुंभावर पाय घासले, घोट्यांतून रक्त काढलं, तरी ती होती तिथेच. एका जागी बसवेना. जेवता जेवता उठून अंगणात चालायचो, चालता चालता थांबून खांबाला पाठ घासायचो. माझी बायको गिरजा एकदा म्हणाली, "तुमाले पाहून मलेच खाजवाव वाटून राह्यलं. बसा ना जरा एका जागी." मी तिच्यावर खेकसलो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला तर वाटायचं, जळलेलं परवडलं.

ज्यांना हे आत्ता होत असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. डॉक्टरी मला येत नाही, ती डॉक्टरांना विचारा. मी कुठे चुकलो तेवढं मला नीट माहीत आहे, आणि ते लपवायची आता मला मुभा नाही.

माळ

डोळ्यांचं आधी गिरजालाच कळलं. तिने माझा बनियन धुवायला घेतला आणि उन्हात धरून पाहिला. काखेत, गळ्यापाशी पिवळे डाग. "हळद लावली का तुमी आंगाले?" तिने विचारलं, आणि मग माझे डोळे पाहून बनियन खाली टाकला. लघवी काळ्या चहासारखी होत होती आणि शौचाला पांढरट, चुन्याच्या निवळीच्या गाळासारखं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

आम्ही बोरगावला राहतो, मी, गिरजा आणि माझी माय. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा दुसरं वर्ष सरत होतं. मायने देव्हारा स्वतःच्या हाताने उचलून नदीला दिला होता आणि त्यानंतर एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. तीच माय संध्याकाळी कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ घेऊन आली. हिरव्या काड्यांचे बोटभर तुकडे, दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढते आणि खाली सरकत जाते असं म्हणतात.

"माय, हे सोडलं ना आपन," मी म्हणालो.

"देव सोडले. माळ काई देव नाई, झाडपाला आहे थे. ठेव मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी माळ खांद्यावर आली, चौथ्या दिवशी कमरेला. माझा पिवळेपणा मात्र वाढतच होता. मी फिटर माणूस. हिरवी काडी वाळली की आकसते, गाठ सैल पडते, दोरा लांबतो, हे मला माळ पाहताच कळलं होतं. मी मायला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुयं डोस्कं लय चालते ना, मंग पिवळा काऊन झाला?"  मी माळ पुन्हा कमरेवर सारखी केली.

तंबाखूच्या जागी

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गल्लीत बारसं असलं की गिरजाला बोलावणं यायचं नाही. कुणाचं पोर तिने उचललं तर आई धावत येऊन घेऊन जायची, भूक लागली असेल म्हणायची. मायने देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले, पण 'वांझ' हा शब्द तिने सोडला नव्हता. गिरजासमोर नाही म्हणायची. दाराशी बसून दुसऱ्या बायांना सांगायची, आणि आमचं दार केवढंसं. मी तिथेच भाकर खात असायचो.

आजारपणाच्या सहा-सात महिने आधी मी जिनाचा पट्टा आणायच्या निमित्ताने नागपूरला गेलो आणि एका डॉक्टरला गुपचूप भेटलो. त्यांनी तपासणी केली. म्हणाले, "दोष तुमच्यात दिसतो. बाईंना तपासल्याशिवाय त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्यांना घेऊन या." मला पुरुषाच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या, जिभेखाली ठेवून विरघळवायच्या, आणि एका महिन्याने परत यायला बजावलं. मी गेलो नाही. दुकानातून गोळ्या मात्र आणवत राहिलो. घरी येऊन सांगितलं की पट्टा चांगला मिळाला.

गोळ्या मी लिंबाच्या पाचक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. जिनात सगळे तंबाखूवाले. दुपारी सुट्टी झाली की तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा, थापटायचा, ओठाखाली दाबायचा आणि मग घटकाभर कुणी बोलायचं नाही. गाल फुगवून मुका बसलेल्या माणसाला आमच्याकडे काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. त्या घोळक्यात बसून मी जिभेखाली गोळी ठेवायचो. सहा महिने ठेवली. कुणाला वास लागला नाही.

आता ऐका माझी अक्कल. कावीळ झाली, अन्न जाईना, पाय लटपटायला लागले. मला वाटलं, ताकद कमी पडते आहे, तर ताकदीची गोळी जास्त पाहिजे. जिनात पट्टा घसरायला लागला की आम्ही त्याला राळ लावतो, अजून घसरला की अजून लावतो. दिवसाला दोन गोळ्या घेत होतो, त्या चार केल्या. ज्या गोळीने हे दुखणं आणलं ती मी औषध म्हणून दुप्पट खात होतो, आणि वरून उसाचा रस पीत होतो.

दवाखाना

माळ पायापर्यंत पोचायच्या आधी गिरजाने मला दवाखान्यात नेलं. मायशी भांडून नेलं. तोवर मी इतका खाजवत होतो की दमणीत बैलांच्या मागे बसवेना. निम्मी वाट मी दमणीच्या बाजूने चालत गेलो.

मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून पाहिलं, नळीतली लघवी उजेडात धरली आणि सोबतच्या तरुण डॉक्टरला इंग्रजीत काही सांगितलं. मला म्हणाले, पित्ताच्या नळीत खडा अडकला असावा. थोडे दिवस पाहू, नाही उतरली तर पोट उघडावं लागेल.

वॉर्डातलं वेळापत्रक सांगतो, म्हणजे नवख्याला धास्ती वाटणार नाही. सकाळी तोंडात काचेची नळी. मग झाडू. मग फेरी, तेव्हा सगळ्यांनी सरळ झोपायचं, जे मला कधीच जमलं नाही. मग रक्त गोठावं म्हणून दंडात सुई, कारण काविळीत पोट उघडलं तर रक्त थांबत नाही म्हणे. दुपारी नातेवाईक मागच्या आवारात तीन विटा मांडून स्वयंपाक करायचे. गिरजा तिथे बिनतेलाचं, बिनहळदीचं वरण शिजवायची. पांढरं वरण पाहून माझी उरलीसुरली भूकही जायची. जेवण झालं की ती काशाची वाटी घेऊन माझे तळपाय घासत बसायची. वाटीचं बूड काळं होईपर्यंत घासायची. त्या दिवसांत मला सुखाची म्हणून आठवते ती तेवढी अर्धी घटका.

समोरच्या खाटेवर सेलूकडचे एक म्हातारे बाबा होते, तेही पिवळे. त्यांच्या पित्तात खरोखरच खडा होता. ते सकाळी ऑपरेशनला गेले आणि परत आले नाहीत. दुपारी त्यांच्या खाटेवर नवी चादर घातली. मी त्या चादरीकडे पाहायचं टाळत होतो, आणि वॉर्डात दुसरीकडे पाहायला काही नव्हतं. मला मरायची भीती वाटत होती. ती मी गिरजालाही सांगितली नाही, तिच्यावर नुसता चिडत राहिलो, पाणी गार नाही म्हणून, उशी उंच आहे म्हणून.

तरुण डॉक्टर पुण्याकडचा होता, बारीक, चष्मेवाला. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "याआधी काही औषध चालू होतं का?" मी नाही म्हणालो. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. दोन्ही वेळा गिरजा शेजारी उभी होती.

तोंड उघड

आमच्या वॉर्डाची सिस्टर नागपूरची, आवाजाने भारी. तंबाखूची तिला भयंकर चीड. पेशंट लपून तंबाखू ठेवतात, पचकन खिडकीतून थुंकतात, म्हणून ती फिरताना गालांवरच नजर ठेवायची.

एका दुपारी मी जिभेखाली गोळी ठेवून डोळे मिटून पडलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

"किसन, मुँह खोल. तंबाखू थुंक."

मी मानेनेच नाही म्हणालो. बोलता येत नव्हतं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

"मैं क्या अंधी हूँ? थुंक म्हनते ना."

तिने हनुवटीखाली पांढरी तसराळी धरली. मी थुंकलो. तंबाखू नव्हतीच. अर्धी विरघळलेली पांढरी गोळी खळकन पडली. सिस्टरने ती पाहिली, मला पाहिलं, आणि ती कागदावर घेऊन गेली. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर तो कागद घेऊन आला.

"हे काय आहे?"

"पाचक गोळी आहे, साहेब."

"जिभेखाली?"

मी काही बोलायच्या आत गिरजा पुढे झाली. तिने उशीखालची बाटली काढून दाखवली. वर लिंबाचं चित्र होतं. "हाव डाक्टरसाहेब, पाचकच आहे. लय दिवसाची खातेत थे. मीच भरून देतो कधी कधी." तिने बाटली कधी भरली नव्हती, तिला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं, तरी तिने माझ्या बाजूने साक्ष दिली. डॉक्टरने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आता तोंडात काही घालायचं नाही," आणि गेला. मी बाटली परत उशीखाली ठेवली. त्या दिवसापासून माझी खाज आणि माझी लाज यांतलं कोण कुठे आहे हे मला सांगता येईना. दोन्ही मला एका कुशीवर राहू देत नव्हत्या.

कागद

ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दुपारी माय बोरगावहून आली. तिच्या चेहऱ्यावर रडणंही होतं आणि काहीतरी ठरवल्याचं समाधानही होतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि गिरजा तिथेच वाटी घेऊन बसलेली असताना म्हणाली, "किसना, तू एकडाव उठ. मी जाम गावाले गेलतो. पोरगी पाहून आलो. बाप रस्त्यावर भज्याचं दुकान लावते. तू बरा झाला का उन्हाळ्यात उरकून टाकू."

"माय, एक बायको असताना आता कायदा नाई तसा."

"कायदा वर्ध्यात असन. आपल्या घरी लेकरू नाई, थे कायदा देईन का?"

गिरजाचा हात थांबला नाही. वाटी तळपायावर तशीच फिरत होती, फक्त आता ती एकाच जागी फिरत होती आणि तिथली कातडी भाजत होती. मी पाय काढून घेतला नाही.

तेवढ्यात तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. ऑपरेशनला संमती म्हणून माझी सही आणि घरच्या माणसाचा अंगठा. गिरजाने पदराला हात पुसला आणि पुढे केला. मायने तो हात धरला. "तू नोको लावू. तुया हाताले यश नाई. मी लावतो."

डॉक्टर घुटमळला. मग मला म्हणाला, "सही करायच्या आधी शेवटचं विचारतो. मला खड्याची खात्री वाटत नाही. तुम्ही काही घेत असाल तर सांगा. यांना बाहेर जायला सांगू का?"

बाहेर पाठवलं असतं तर माझं पोट वाचलं असतं आणि गुपितही वाचलं असतं. डॉक्टर चांगला माणूस होता, कुणाला बोलला नसता. मायने जामची पोरगी आणली असती, आणि सात वर्षांनी दाराशी बसून तिलाही तोच शब्द लावला असता. हे मी तेव्हा इतकं नीट मांडलं असेल असं नाही. मला एवढंच वाटलं की आता हे अंगात ठेवून मला एक क्षणही पडून राहवणार नाही. दीक्षेच्या वेळी नागपूरच्या त्या मैदानात खोटं बोलणार नाही असं मीही सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं होतं, आणि तिथून घरी येऊन पुन्हा तसाच जगत होतो.

"राहू द्या त्याइले," मी म्हणालो. आणि सांगितलं. नागपूर, तपासणी, दोष कुणात, गोळ्या, तंबाखूचा घोळका, दोनाच्या चार, सगळं सांगितलं. बोलताना मी डॉक्टरकडे पाहत होतो कारण दुसरीकडे पाहायची हिंमत नव्हती.

पहिल्यांदा माय बोलली. "खोटं बोलून राह्यला हा, डाक्टरसाहेब. बायकोले वाचवून राह्यला."

 गिरजाने उशीखालची बाटली काढली, डॉक्टरच्या हातात दिली, आणि वाटी घेऊन मागच्या आवारात निघून गेली.

ढकलणं

डॉक्टर मोठ्या साहेबांकडे धावला. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन थांबलं. पुढे ढकललं म्हणाले, रद्द नाही. गोळ्या बंद. वाट पाहायची. पोट न फाडता वाट पाहायची म्हणजे मलाच बक्षीस मिळालं असं लोकांना वाटलं असेल. माझ्यासारख्या माणसाला वाट पाहणं सोपं नसतं.

दोन दिवसांनी डॉक्टर माझ्या खाटेवर बसला आणि जेवणाच्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने काढून दाखवलं. मी विचारलं म्हणून. यंत्र बिघडलं तर कुठे बिघडलं हे मला कळायलाच लागतं.

तो म्हणाला, "लिव्हर नुसती गाळणी नाही. तिच्यात बारीक बारीक पेशी असतात. तुम्ही गोळी घेतली की ती रक्तातून इथे येते. पेशी ती आत घेते, मोडते, मोडलेल्याला असं काही चिकटवते की ते पाण्यात विरघळेल. मग पलीकडच्या बाजूने ते केसाहून बारीक नळीत ढकलून देते. नळीतून पित्तात, पित्तातून आतड्यात, आणि बाहेर. आपल्या रक्तातला पिवळा रंगही असाच बाहेर जातो. तुमच्या पेशी मोडतात बरोबर. ढकलणं बंद पडलंय. म्हणून रंग मागे फिरून रक्तात आला, कातडीत आला. खाजही बहुधा त्यामुळेच."

"मंग नळीत खडा नाई?"

"मोठी नळी मोकळी असावी. अडलंय ते त्याच्या कितीतरी आत, पेशीच्या उंबऱ्यावर. काही माणसांना काही गोळ्यांनी असं होतं, सगळ्यांना नाही. का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. मी वाचलंय तेवढं सांगितलं."

मला ते पटकन कळलं. जिनात कापूस घातला की रुई वर येते आणि सरकी खाली पडते. खालची सरकी बायांनी टोपलीने उचलून नेली नाही, तर जिन कितीही नवा असो, तास-दोन तासांत तो आपल्याच सरकीत गाडला जातो. मी डॉक्टरला हे सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, साहेबांना सांगतो हे. मग जाता जाता म्हणाला, "आणि अशा गोळ्यांनी मूल होतंच असं नाही, बरं का. उलटंही होतं म्हणतात." हे त्याने हळू आवाजात सांगितलं, तरी ते मला सगळ्या वॉर्डात ऐकू गेल्यासारखं वाटलं.

रंग

गिरजा गेली नव्हती. दवाखान्यातून सुटेपर्यंत ती राहिली, वरण शिजवलं, चादर बदलली, तळपायही घासले. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही. मी बोलायचो, ती ऐकायची आणि भांडं उचलून जायची. माय दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी तिने गिरजासाठी बोरं आणली होती. गिरजाने ती सिस्टरला दिली.

खाज एकदम गेली नाही. ती आली होती त्याच्या उलट वाटेने गेली, आधी पाठ, मग मांड्या, सगळ्यात शेवटी तळहात. मधल्या दिवसांत ती परत वाढायची आणि मला वाटायचं की संपलं सगळं, आता पुन्हा पोट फाडायचा कागद येणार. ज्यांना हे होतं आहे त्यांना सांगतो, असं एक पाऊल पुढे नि दोन मागे होतं. नखं कापून ठेवा. ओला पंचा जवळ ठेवा. जवळच्या माणसावर ओरडू नका, तुम्हाला ती माणसं नंतर लागतात.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शौचाचा रंग बदलला. गिरजानेच भांडं नेलं होतं. ती परत आली ती सरळ सिस्टरकडे गेली. "पाहा ना बाई, पिवळं नाई, पांढरं नाई. मानसासारखं झालं." सिस्टर हसली. दोघी जणी आवारात उभ्या राहून हसत होत्या, आणि मी खिडकीतून ते पाहत होतो. ती बातमी माझी होती, पण ती मला सांगायला कुणी आलं नाही.

सुटी मिळाली त्या दिवशी गिरजाने माझी पिशवी दमणीत ठेवली, स्वतःची ठेवली नाही. "मी समुद्रपूरले जातो," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती.

"कवा येशीन?"

"सात साल तुमची माय बोलत होती, थे मले लागलं नाई येवढं. तिले माहीतच नव्हतं. तुमी समोर बसून भाकर खात होते, थे लागलं." एवढं बोलून ती मोटारस्टँडकडे चालायला लागली. मी एकटाच दमणीत बसलो.

जाम

दीड महिन्याने डोळे पांढरे झाले तेव्हा मी समुद्रपूरला गेलो. तिच्या भावांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी तिच्या आईसमोर, दोन्ही भावांसमोर पुन्हा सगळं सांगितलं. वॉर्डात सांगितलं त्याहून ते अवघड गेलं, कारण इथे मरणाची भीती मदतीला नव्हती. धाकटा भाऊ उठून अंगणात गेला. सासू पदर तोंडाला लावून बसली. गिरजा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "जामवाल्याले सांगलं का?"

"नाई. माय कळवन म्हने."

"माय काय कळवन? पोराची तब्येत बरी नाई म्हनन. तुमीच सांगजा. मी येतो संग."

जामला नागपूरहून हैदराबादला जाणारा रस्ता लागतो, तिथे ट्रक थांबतात. तिथेच वर्ध्याची मोटार बदलायची असते. त्या माणसाचं भज्यांचं दुकान रस्त्याच्या कडेलाच होतं. त्याची मुलगी मागे कांदे चिरत होती, अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी कोण ते सांगितल्यावर त्याने बाक पुसला आणि चहा ठेवला.

मी चहा घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं की सोयरीक होणार नाही, आणि का होणार नाही. मुलीची सुरी थांबली. बापाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने इकडेतिकडे ट्रकवाल्यांकडे पाहिलं.

"आधी सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"लाज वाटत होती."

"आन मायी पोरगी आली असती तुमच्या घरी, मंग?"

 गिरजा बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मंग जे मले म्हनत होते, थे तिले म्हनले असते. म्हनून तं आलो सांगाले."

त्या माणसाने कढईखालचा जाळ बाहेर ओढला. मग त्याचा आवाज उतरला. त्याने तिला विचारलं, "बाई, म्हनजे तुमाले लेकरू होऊ शकते?"

"मले काय माहीत," गिरजा म्हणाली. "सात सालात मले कोनी तपासाले नाई नेलं. मले काय पाहिजे, थेही कोनी नाई इचारलं."

वर्ध्याची मोटार आली. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. जाम मागे पडल्यावर मी तिला विचारलं, तुले काय पाहिजे.  ती एकदा सुरू झाली ती वर्धा येईपर्यंत बोलत होती, आणि मी ऐकत होतो.